जिनातलं तेल, घडीतलं तेल

एका मनगटी घड्याळाला एकूण तेल किती लागतं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. डासाच्या पोटात जेवढं रक्त मावतं तेवढंही लागत नाही. पण तेवढं तेल कोणतं, कुठं आणि किती, हे समजायला मला सव्वा वर्ष लागलं, आणि त्या सव्वा वर्षात माझं टेबल जाता जाता राहिलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तीही पुरती नाही. त्यामुळं मला जे समजलं ते वाचून समजलं नाही, हात पोळून समजलं, आणि त्याची मला काडीची लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्या एका गोष्टीची. ती ओघात येईल.

त्या वेळी मी अमरावतीला जवाहर गेटच्या आत करीमचाचांच्या घड्याळाच्या दुकानात बसत होतो. दुकान कसलं, दोघं आत बसले की तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढी जागा. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि अकराही आपापल्या मतानं ठोके द्यायची. दुपारी बाराला सुरू झालेला गोंधळ बारा वाजून सात मिनिटांनी संपायचा. चाचांना त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाइकाची घडी बरोबर पाहिजे, दुकानाची कायले, असं ते म्हणत. दुकानात घड्याळं धुवायच्या पेट्रोलचा वास आणि शेजारच्या भजेवाल्याच्या कढईचा वास एकमेकांत मिसळलेला असे. अजूनही कुठं मिरचीची भजी तळली जात असली की मला बोटांत चिमटा धरल्यासारखं वाटतं. चाचांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, दुसरा वाटेवर होता, म्हणून बारीक कामाचं टेबल त्यांनी मला दिलं होतं. मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. रोज धुतलेला पांढरा सदरा घालून त्या टेबलाशी बसायचो. आमच्या घराण्यात टेबलाशी बसून काम करणारा मी पहिला. आजा दुसऱ्याच्या वावरात राबला, बा अकोल्याला कापसातून सरकी काढायच्या जिनात. धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला दोन-तीन वर्षं झाली होती, माणसं ताठ मानेनं चालायला लागली होती, आणि मी तर जरा जास्तच ताठ चालत होतो. तुझा बाप काय करतो, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, “जिनात हाय.” जिनात काय करतो, ते सांगत नसे. बा तेल घालायचा. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत हातात बुधल्या घेऊन या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत. त्याच्या धोतराला, केसांना, अगदी घामालासुद्धा तेलाचा वास होता.

चाचांनी जन्मभर एकाच कुपीतलं तेल वापरलं होतं. खिशातली घड्याळं, भिंतीवरची घड्याळं, सगळ्यांना तेच. ती बाहेरदेशची कुपी होती, आणि पुढं बाहेरचा माल मिळेनासा झाला तशी तीही मिळेनाशी झाली. शेवटचे चार थेंब चाचांनी सुईनं खरवडून वापरले. मग मुंबईला जाऊन येणाऱ्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडून दोन निराळ्या कुप्या आल्या, अंगठ्याएवढ्या. एकीतलं तेल पाण्यासारखं, दुसरीतलं काकवीसारखं. दोन्हींवर इंग्रजी छापलेलं. चाचांना उर्दू वाचता यायचं, मला मोडकं मराठी. बाहेर शंभर पावलांवर शाळा होती, मास्तर आमच्याकडूनच घड्याळ दुरुस्त करून घ्यायचे. एका शब्दानं विचारलं असतं तर काम होतं. पण घड्याळ उघडणाऱ्यानं मास्तराला तेल विचारायचं? मी नाही विचारलं.

चाचा म्हणाले, “सुकदेव, कोणतं वापरतं?”

मी म्हटलं, “पातळ. बारीक चाकाले बारीक तेल.”

“पक्कं?”

“पक्कं म्हणजे पक्कं.”

तो उन्हाळा असा तापला की दुकानाच्या पत्र्याखाली चिमटा हातात धरवत नव्हता. आणि एकामागून एक तीन घड्याळं परत आली. तिन्ही मोठी, पुरुषांची. उघडून भिंगातून पाहिलं तर मधल्या चाकाच्या आसाला तेलाचा टिपूस नाही, भोकाभोवती लाल बुकणी जमलेली. तेल गेलं कुठं? वाळलं म्हणावं तर डाग पाहिजे. सांडलं म्हणावं तर तेवढं होतंच कधी. मी चाचांना सांगितलं, तेलात भेसळ आहे. चाचा म्हणाले, “भेसळ करणारा इतल्या बारीक कुपीत काय भेसळ करीन बेटा? त्याचे तं हात दुखतीन.”

मग मी एक खटाटोप केला, आणि या वयातही त्याचा मला अभिमान आहे. काचेचा एक तुकडा घेतला. खानावळीच्या बाईकडून जवसाचं, तिळाचं, करडीचं आणि सरकीचं तेल बोटभर बोटभर मागून आणलं. बाई म्हणाली, “काहून रे, रोजच्या वरणात फोडणी कमी पडते का तुले?” शिलाईच्या मशीनचं तेल शिंप्याकडून आणलं. आणि आमच्या दोन कुप्या. प्रत्येकाचा एकेक थेंब काचेवर ओळीनं ठेवला, वर चाळणी झाकली आणि काच दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवून दिली. रोज सकाळी शिडी लावून पाहायला जायचो. जवसाचा थेंब चौथ्या दिवशी चामड्यासारखा झाला, नखानं सोलून निघाला. करडीचाही तोच प्रकार, जरा उशिरा. तिळाचा चिकट, सरकीचा त्याहून चिकट. शिंप्याचा थेंब पसरून पसरून शेजाऱ्याच्या घरात गेला. आमचं पातळ तेल चिकट झालं नाही, वाळलंही नाही, पण तेही हळूहळू पसरत राहिलं. आणि जाड तेल? बारा दिवसांनीही जिथं ठेवलं तिथं, गोल, मोत्यासारखं. मला इतका आनंद झाला की मी शिडीवरूनच चाचांना हाक मारली. प्रश्न सुटला होता. जाड तेल वापरायचं, सगळीकडं.

त्या पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत एकही घड्याळ परत आलं नाही. मी छाती काढून बसायचो. मग थंडी पडली. पौषातल्या एका सकाळी बायकांच्या दवाखान्यातल्या सुशीलाबाई नर्स दुकानासमोर आल्या. उंच बाई, आवाज त्याहून उंच. त्यांचं घड्याळ लहान, चवलीएवढं, त्याच्या सेकंदकाट्यावर त्या नाडी मोजत. त्यांनी ते काचेवर आपटलं नाही, पण ठेवलं तसंच.

“बाळंतिणीची नाडी मोजून राहिली होती मी. सव्वाशेच्या वर गेली. डॉक्टरीणबाईंना हाका मारल्या, धावपळ झाली. अन ती बाई म्हणते, सिस्टर, मले तं भूक लागली. पेशंट ठणठणीत, तुमची घडी मरायला टेकली होती.”

चाचा हसले नाहीत. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. टेबलावर ऊन आलं होतं, घड्याळ जरा गरम झालं, तसं ते नीट चालायला लागलं. बाई म्हणाल्या, “हे असंच करते. दुपारी शहाणं, सकाळी खुळं.” त्या गेल्यावर चाचांनी माझ्याकडं तोंड केलं. ते कधी ओरडत नसत, त्या दिवशीही ओरडले नाहीत.

“देख सुकदेव. उन्हाळ्यात तीन आल्या, मी बोललो नाही. पण नाडीची घडी चुकली तं माणूस मरते. माझा भाचा खामगावले बसून हाय, टेबल मागून राहिला. ही घडी तू पुन्हा कर. मृग लागेपर्यंत ती चालली, थंडी अन ऊन दोन्ही काढलं, तं टेबल तुझं. नाही चालली तं हत्यारं गुंडाळ.”

मी हो म्हटलं. आतून घाबरलो होतो, पण हो जोरात म्हटलं. पातळ घातलं की उन्हाळ्यात मरतं, जाड घातलं की थंडीत. दोन्ही मिसळून पाहिली, तर दोन्हींचे दोष एकत्र आले. आठ दिवस मी घड्याळ नुसतं उघडत होतो आणि बंद करत होतो. दुकानाच्या सुट्टीला ते खिशात घालून बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला घरी गेलो. विचारायला म्हणून नव्हे. मायच्या हातचं खायला म्हणून.

आमचं घर जिनाच्या भिंतीला लागून होतं. हंगामात चोवीस तास जमीन घुमत राहायची. पाण्याच्या गडव्यात बोट न लावता गोल गोल लाटा उठायच्या. आणि रुईचे तंतू. हवेत, चुलीवर, भाकरीवर, पापण्यांवर. आमच्या घरी कोणी म्हातारं व्हायची गरज नव्हती, दिवाळीपासून होळीपर्यंत सगळ्यांचे केस पांढरेच. मायनं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढली, वरून कच्चं तेल. मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तसाच बसलो. बा नुकताच पाळी संपवून आला होता, पाय धुऊन समोर बसला.

“काय झालं?” बा म्हणाला.

“काही नाही.”

“काही नाही तं भाकर काहून थंडी करून राहिला?”

माय म्हणाली, “त्याले जेवू द्या आधी. तोंड पाह्य कसं झालं.”

जेवण झाल्यावर मी घड्याळ काढलं, खरं तर बाला दाखवायला की पाहा, तुझा मुलगा केवढ्या नाजूक यंत्राशी खेळतो. पण त्या घरात घड्याळ उघडणं म्हणजे पिठाच्या गिरणीत डोळे उघडणं. मग मायनं तिचं जुनं लुगडं पाण्यातून काढलं आणि दारावर टांगलं, दुसरं खिडकीवर. तंतू ओल्या कापडाला चिकटत राहिले. आत गारवा झाला. मी घड्याळाचं झाकण काढलं, वर काचेचा पेला उपडा ठेवला आणि पाहण्यापुरता तो उचलून बाच्या डोळ्याला भिंग लावलं. त्याला भिंग धरता येईना. त्यानं भुवई आवळली की ते खाली पडायचं. शेवटी मायनं ते हातानं धरलं.

बानं एकेक चाक नजरेनं फिरून पाहिलं. मग म्हणाला, “हे तं जिन हाय.”

“जिन कसं असन बा.”

“जिनच हाय. हा तुहा इंजिनाचा जोर, गुंडाळून ठेवला.” ते फनरचं घर होतं, त्यातली गुंडाळलेली स्प्रिंग सगळं घड्याळ ओढते. “अन हा मेन शाफ्ट. हा किती फिरते?”

“घंट्यातून एकदा.”

“अन थो कडेचा, थयथय करून राहिला थो?”

“बॅलन्स. एका सेकंदात पाच टोले.”

बानं भिंगातून डोळा काढला आणि माझ्याकडं पाहिलं. “मंग दोघाले एकच तेल काहून घालतं?”

मी म्हटलं, घड्याळवाले एकच घालतात.

“घालत असतीन. आमच्या जिनात असं केलं तं मॅनेजर मले हाकलून दीन.” मग त्यानं बोटानं जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. “जो शाफ्ट हळू फिरते अन ज्याच्यावर पट्ट्याचा ताण असते, तठी पातळ तेल टिकत नाही. दाबून बाहेर निंघते. तठी जाड पाह्यजे. अन जे हलकं हाय, जोरात फिरते, त्याले जाड तेल म्हणजे चिखलात पयाले लावणं. थंडीत तं अजूनच. अन जठी लोखंडावर लोखंड घसरते,” त्यानं फनरकडं बोट केलं, “तठी तेल नाहीच. ग्रीस.”

उन्हाळ्यातली लाल बुकणी, पौषातली नाडी, सगळं एकदम समोर आलं. तीन बुधल्या रोज आमच्या ओट्यावर ठेवलेल्या असत, एक पातळ, एक जाड, एक ग्रीसची. लहानपणापासून मी त्यांना अडखळत आलो होतो.

“अन किती घालतं?” बानं विचारलं.

मी तेलाच्या सुईनं दाखवलं. तो पुन्हा भिंगात वाकला आणि मान हलवली. “जास्त. जास्त तेल झालं की उडते, रुईले डाग पडते. डागाची रुई कोण घेते? इथं काय होते?”

मी म्हटलं, “केसासारखी एक स्प्रिंग हाय, तिच्यावर तेल गेलं का वेटोळे चिकटते. घडी पुढं पयते.”

“मंग झालं तं. तोच डाग.”

एका ठिकाणी मात्र मी त्याच्या वर राहिलो. त्यानं विचारलं, चाकांचे दाते कोरडे कसे? मी म्हटलं, “बा, इथं तू चुकला. दात्याले तेल नाही लावत. तेलाले धूळ चिकटते अन दाते झिजते.” त्याला ते पटेना. “दात्याले तेल नाही? आमच्या इथं तं जिन पेटन.” आम्ही अर्धा तास भांडलो. माय भिंग धरून कंटाळली, म्हणाली, “तुमचं होईपर्यंत ही घडी बंद पडन.” त्या दुपारी आमचं जेवढं बोलणं झालं तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं. यंत्राबद्दल झालं म्हणून झालं, नाही तर काय बोलणार होतो आम्ही.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. फार वर्षांनी माझ्या मुलीनं त्या रिकाम्या कुप्यांवरचं इंग्रजी मला वाचून दाखवलं. एकीवर लिहिलं होतं, जलद फिरणाऱ्या हलक्या भागांसाठी. दुसरीवर, हळू फिरणाऱ्या जड भागांसाठी. म्हणजे सव्वा वर्ष उत्तर माझ्या टेबलावरच उभं होतं. मुलगी खूप हसली. मी नाही हसलो. वाचून घेतलं असतं तर बाला कधी भिंग लावलं नसतं.

अमरावतीला परतून मी सुशीलाबाईंचं घड्याळ पेट्रोलमध्ये धुतलं, भोकं काडीनं साफ केली. बॅलन्सला आणि चपळ चाकांना पातळ, पण सुईच्या टोकाला लागेल तेवढंच. मधल्या चाकाला आणि फनरच्या घराच्या आसाला जाड. फनरला ग्रीस, बोटावर घेऊन पुसून उरेल तेवढं. दाते कोरडे. चाचा शेजारून अंदाजानं पाहत होते. “तीन तीन कायले काढले?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “पाहा तुमी.”

मग वाट पाहणं. दर आठवड्याला मी दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन घड्याळ तपासायचो. बाई चिडवायच्या, “आलात व्याहीबुवा? बघा तुमची लेक कशी आहे.” माघ गेला, सकाळी घड्याळाला धाप लागली नाही. होळी गेली. वैशाखात पत्रा पुन्हा तापला, माझी झोप उडाली, घड्याळ चालत राहिलं. मृगाच्या तोंडावर बाई स्वतः दुकानात आल्या, म्हणाल्या, “आता हे बिघडेल म्हणून मी वाट पाहायचं सोडलं.” दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “टेबल तुझं. आता सांग, कोणं सांगितलं तुले हे?”

मी म्हटलं, “कोणं सांगन? मीच शोधून काढलं.”

हे शब्द माझ्या तोंडून इतके सहज निघाले की मलाच ते खरे वाटले.

पावसाळ्यात जिन बंद असतं. श्रावणात बा पहिल्यांदाच अमरावतीला आला, स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून. त्याला दुकान पाहायचं होतं. चाचांनी त्याला माझ्या शेजारी बसवलं, चहा मागवला आणि माझं कौतुक सुरू केलं. “भाऊ, तुमच्या पोरानं काय डोकं चालवलं. तीन तेलं, तीन जागा. चाळीस वर्षांत मले सुचलं नाही. कोणाले इचारलं नाही, आपल्या डोक्यानं.” मी भिंग लावून घड्याळात वाकलेला होतो. वर पाहिलं नाही. त्या घड्याळात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी वर पाहिलं नाही.

बा म्हणाला, “लहानपणापासून असाच हाय थो. इचारत नाही कोणाले.”

चाचा हसले. मग म्हणाले, “तुमी जिनात काय करता भाऊ?”

“तेल घालतो,” बा म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

भिंतीवरची घड्याळं ऐकू यायला लागली. बानं चहा संपवला, टोपी नीट केली, गाडीची वेळ झाली म्हणाला. जाताना त्यानं दुकानाचं दार लोटलं, बिजागरी कुरकुरली. तो थांबला. खोबरेल असलं तर थोडं द्या, म्हणाला. आमच्या कुपीकडं त्यानं हात केला नाही. चाचांनी डोक्याला लावायची बाटली दिली. बानं बिजागरीवर दोन थेंब सोडले, दार चारदा हलवलं, खाली ओघळलेलं तेल धोतराच्या टोकानं पुसलं आणि गेला.

संध्याकाळी आम्ही दुकान बंद केलं. चाचांना आता डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा होता. ते पायरीवर उभे राहून म्हणाले, “दार लावलं का रे? आवाज नाही आला.”

मी म्हटलं, “लावलं. बानं तेल घातलं.” आणि मग कुलूप हातात तसंच धरून बाकीचंही सांगितलं. अकोल्याची दुपार, ओलं लुगडं, जमिनीवरच्या रेघा, सगळं. टेबल काढून घेतलं तर घेऊ दे, अशा बेतानं सांगितलं.

बा गेला त्या रस्त्याकडं चाचांनी तोंड केलं. मग म्हणाले, “अन आपण त्याले नुसता चहा पाजला.”